घड्याळ कोणाच्या बाजूने

बुद्धिबळात वेळ जितका कमी तितके बलवान आणि दुबळा यांच्यातील अंतर कमी, असा एक समज खेळणाऱ्यांत सर्वत्र रूढ आहे. आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी बसून आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या खेळाडूशी मोबाइलवर तीन मिनिटांचा डाव खेळता येऊ लागल्यापासून तर तो अधिकच पक्का झालेला दिसतो. त्यामागचा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो: बलवान खेळाडू अधिक खोल विचार करतो म्हणून जिंकतो, विचाराला वेळ लागतो, तेव्हा वेळच काढून घेतला की त्याचे मुख्य हत्यार गळून पडते आणि दुबळ्याला वाव मिळतो. या तर्काचे पहिले विधानच कच्चे आहे, आणि ते कच्चे का आहे हे पाहू लागले की ऑनलाइन स्पर्धेत हरणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते, याचाही उलगडा होऊ लागतो.

परिभाषा आधी स्पष्ट करणे सोयीचे होईल. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार ज्या डावात प्रत्येक खेळाडूला १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ मिळतो तो अतिजलद, म्हणजे ब्लिट्झ, आणि १० मिनिटांहून अधिक पण ६० मिनिटांहून कमी वेळ मिळतो तो जलद, म्हणजे रॅपिड. प्रत्येक चालीमागे काही जादा सेकंद मिळत असतील तर ६० चालींचे मिळून होणारे सेकंदही या हिशेबात धरले जातात. या जादा सेकंदांना खेळाडू इन्क्रिमेंट म्हणतात, आणि ‘तीन अधिक दोन’ याचा अर्थ डावासाठी तीन मिनिटे व दर चालीला दोन सेकंदांची भर. ही भर देणाऱ्या घड्याळाचे पेटंट बॉबी फिशर याला १९८९ मध्ये मिळाले आणि स्पास्कीविरुद्धच्या १९९२ च्या सामन्यात ते घड्याळ वापरले गेले. पटावर जिंकत आलेल्या माणसाने केवळ हात पुरे पडला नाही म्हणून हरू नये, हा त्यामागचा हेतू होता. ऑनलाइन खेळणाऱ्यांची मोठी गर्दी मात्र आजही भर नसलेल्या, सरळ तीन मिनिटांच्या डावांकडेच असते, कारण डाव लवकर संपतो आणि दुसरा लगेच सुरू होतो.

बलवान आणि दुबळा हे शब्द येथे ढोबळ नाहीत. अर्पाद एलो या अमेरिकेत स्थायिक झालेल्या हंगेरियन प्राध्यापकाने मांडलेली आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारलेली रेटिंगची पद्धत दोन खेळाडूंमधील अंतराचे रूपांतर अपेक्षित गुणांत करते. अंतर २०० असेल तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, आणि ४०० असेल तर ११ डावांत १०, असा तिचा अंदाज असतो. ऑनलाइन संकेतस्थळांवरील ग्लिको पद्धतीही याच विचाराच्या पुढच्या आवृत्त्या आहेत. आता ४०० गुणांनी वर असलेल्या खेळाडूंशी एका संध्याकाळी १० डाव खेळणाऱ्याचा हिशेब करावा. बरोबरीचे डाव बाजूला ठेवले तर त्यांपैकी निदान एक डाव जिंकण्याची शक्यता शंभरात साठाच्या आसपास निघते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या बैठकीत एखादा मोठा मासा गळाला लागतोच, त्याचा स्क्रीनशॉट मित्रांच्या ग्रुपवर जातो आणि उरलेले नऊ पराभव कोणालाच दिसत नाहीत. वेग दुबळ्याला हात देतो या समजाचे मूळ बहुधा या गणितात आहे. डावांची संख्या वाढली की अपवादही वाढतात, एवढाच त्याचा अर्थ.

मानसशास्त्राने या प्रश्नाकडे अधिक जवळून पाहिले आहे. आद्रियान द ग्रूट या डच अभ्यासकाने १९४६ च्या आपल्या प्रबंधात दाखवले की अव्वल खेळाडू आणि चांगला हौशी खेळाडू यांच्या विचारात खोलीचा फरक अपेक्षेइतका मोठा नसतो. अव्वल खेळाडूच्या नजरेला योग्य चाल फार लवकर दिसते, हा खरा फरक. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवणीने मांडायला लावला, तेव्हा प्रत्यक्ष डावातील स्थिती कुशल खेळाडूंनी इतरांपेक्षा कितीतरी अचूक मांडली, पण मोहरे वाटेल तसे विखुरलेले असताना त्यांची आघाडी बहुतेक नाहीशी झाली. त्यांच्यापाशी सर्वसाधारण स्मरणशक्ती जास्त नव्हती. त्यांनी हजारो आकृतिबंध साठवलेले होते, आणि साठवलेले ओळखायला वेळ लागत नाही. ब्रूस बर्न्स यांनी २००४ मध्ये ब्लिट्झ स्पर्धांच्या निकालांवरून हाच मुद्दा पुढे नेला: सावकाश खेळातले श्रेष्ठत्व अतिजलद खेळातही फार मोठ्या प्रमाणात तसेच टिकते. अर्थात वेगात ग्रँडमास्टरही अधिक चुका करतात, हेही संशोधनातून दिसलेले आहे. पण दोघांच्याही चुका वाढतात तेव्हा ज्याला विचार करूनच चाल सापडते त्याचे नुकसान, ज्याला ती पाहताक्षणी सापडते त्याच्यापेक्षा जास्त होते. घड्याळ ज्ञान हिरावून घेत नाही. विचार हिरावून घेते, आणि विचाराची गरज दुबळ्यालाच अधिक असते.

हे प्रत्यक्ष डावात कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. भर नसलेल्या तीन मिनिटांच्या डावात, समजा, ३१ व्या चालीला कमी रेटिंगच्या खेळाडूकडे दोन प्याद्यांच्या बदल्यात एक घोडा जास्त आहे. पटावर तो जिंकतो आहे, पण त्याच्याकडे १९ सेकंद आहेत आणि समोरच्याकडे ४८. समोरचा डाव सोडत नाही. तो हत्ती मागून आणून शह देऊ लागतो. शहात खरा धोका काहीच नसतो, पण राजाला जायला दर वेळी दोन घरे असतात, आणि दोन घरे असली की भिणारा माणूस दोन्ही तपासतो. शहामागून शह येतो, प्रत्येकाला दोन सेकंद जातात, आठव्या शहाला तीन सेकंद उरतात. मग घाईत अंगठा काचेवरून घसरतो, हत्ती एक घर अलीकडे पडतो आणि घड्याळ शून्यावर येते. जुन्या यांत्रिक घड्याळावर वेळ संपली की छोटे लाल निशाण खाली पडे, म्हणून याला अजूनही फ्लॅग पडणे म्हणतात. हरलेला नशिबाला बोल लावतो. पण त्याने डाव पुन्हा उघडून प्रत्येक चालीपुढचा वेळ पाहिला तर त्याला दिसेल की सहाव्या चालीला समोरच्याने एक अपरिचित प्यादे पुढे केले होते आणि त्यावर त्याचे स्वतःचे २५ सेकंद गेले होते, तर समोरच्याने पहिल्या १२ चाली मिळून १५ सेकंदांत संपवल्या होत्या. शेवटी जे नशीब वाटले ते सुरुवातीचे अज्ञान होते, आणि ते ३१ व्या चालीपर्यंत घड्याळात साठून राहिले होते.

स्पर्धेची रचनाही या अंतराशी खेळते. स्विस पद्धतीत, जिचा पहिला वापर १८९५ मध्ये झुरिकला झाला, पहिल्या फेरीत रेटिंगच्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो आणि पुढे समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात. त्यामुळे दुबळा जिंकला की बक्षीस म्हणून त्याला आणखी बलवान प्रतिस्पर्धी मिळतो. अरीना या ऑनलाइन प्रकारात फेऱ्याच नसतात: ठरलेला वेळ संपेपर्यंत डाव संपला की नवी जोड, असे चालू राहते. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० मध्ये सुरू केलेल्या आणि पूर्णपणे मोफत असलेल्या लीचेस या संकेतस्थळाच्या अरीनात ‘बर्सर्क’ नावाची एक सोय आहे, जीत खेळाडू डावाच्या सुरुवातीला आपला निम्मा वेळ स्वतःहून सोडतो आणि जिंकल्यास त्याला एक गुण जादा मिळतो. समोरच्याने ते बटण दाबलेले दिसले की दुबळ्याला तो अपमान वाटतो. वास्तविक तो हिशेब असतो. लवकर संपलेला डाव म्हणजे पुढच्या डावाला वेळ, आणि त्याला आपल्या तीन मिनिटांची गरज नाही हे त्याला ठाऊक असते. या भागातल्या तालमीत वस्ताद लहान पैलवानाला मोठ्याबरोबर जोर करायला लावतो तेव्हा मोठा आपली ताकद आवरून धरतो आणि कुठे पाय चुकला ते सांगतो. अरीनातला मोठा काहीच आवरत नाही आणि काहीच सांगत नाही.

सांगण्याचा हा भाग पूर्वी सांगलीत होता. पुणे-मिरज लोहमार्गावरचे कोरेगाव आणि त्याच मार्गावरची सांगली यांच्यात रेल्वेचा एक प्रवास होता, आणि पटावर आपल्यापेक्षा जोरकस माणूस हवा असेल तर तो करावा लागे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने जे उभे केले, त्यातून भाग्यश्री साठे-ठिपसे, ज्यांना १९८७ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे अशा खेळाडू घडल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या तिथल्या स्पर्धांचे महत्त्व बक्षिसांपेक्षा डावानंतरच्या चर्चेत होते: हरलेला आणि जिंकलेला पुन्हा मोहरे मांडत, चाली मागे घेत, आणि जिंकलेला सांगे की ही चाल मी पाहिलीच नव्हती, किंवा ही पाहिली होती आणि तिचीच धास्ती होती. दुबळ्याला बलवानाच्या डोक्यात डोकावायला मिळे, ते या दहा मिनिटांत. ऑनलाइन डाव संपला की समोरचा माणूस तीन सेकंदांत नाहीसा होतो. संगणकाचे विश्लेषण उरते, आणि ते कोणती चाल चुकली हे अचूक सांगते. समोरच्याने ती चूक होणार हे आधीच का ओळखले होते, हे ते सांगत नाही.

तरीही दुसरी बाजू हलकी नाही. बलवान प्रतिस्पर्धी मिळणे हाच बुद्धिबळात फार काळ एक विशेषाधिकार होता. सांगलीत जन्मलेल्या नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या घराण्यातील रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढे वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेरीस फिडेचे अध्यक्ष माक्स ऑयवे यांना महिलांना रोखता येणार नाही असा निर्णय द्यावा लागला. आज कोरेगावातील एखाद्या शाळकरी मुलीला हा अधिकार मागावा लागत नाही. अरीनात ती मुलगी आहे की कोण, हेही कोणी विचारत नाही. फक्त रेंज टिकली पाहिजे. ती न टिकण्याचे उदाहरण २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध घडले: इंटरनेट तुटल्याने नागपूरची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचे डाव घड्याळावर गेले, आणि फिडेने अखेर दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवले. त्या भारतीय संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता, ज्याने २०२३ च्या फेब्रुवारीत प्रो चेस लीगच्या ऑनलाइन जलद डावात तत्कालीन विश्वविजेता मॅग्नस कार्लसन याला हरवले.

दिव्याचे पुढचे यश तर या सगळ्या समजाला उत्तर म्हणून वाचता येते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिचे दोन्ही सावकाश डाव बरोबरीत सुटले आणि निर्णय जलद डावांवर आला. समोर कोनेरू हंपी होत्या, जलद प्रकारात २०१९ आणि २०२४ अशा दोन वेळच्या विश्वविजेत्या. वयाने निम्मी आणि मानांकनात खूप खाली असलेली दिव्या तिथे जिंकली, हंपींचा वेळ संपत आलेला असताना त्यांच्या हातून झालेल्या चुकांचा फायदा घेत, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. वेगाने दुबळ्याला वाचवले, असे यावर कोणी म्हणेल; परंतु लहानपणापासून हजारो वेगवान डावांवर तयार झालेल्या या पिढीला जलद खेळात दुबळे म्हणायचे का, हाच प्रश्न आहे. रेटिंगचा आकडा मागे चालतो, खेळाडू पुढे गेलेला असतो.

कोरेगावातल्या त्या खेळाडूलाही कधी ना कधी आपल्यापेक्षा ३०० गुणांनी खाली असलेला कोणीतरी जोडीला येतोच. तेव्हा तो बर्सर्कचे बटण दाबतो, पहिल्या दहा चाली पट न पाहता खेळतो, दीड मिनिटात डाव उरकायचा बेत करतो आणि एक उंट फुकट घालवतो. समोरच्याला गमावण्यासारखे काही नसल्याने तो शांतपणे साधी साधी चाल खेळत राहतो. या वेळी शह देत सुटण्याची पाळी आपल्या खेळाडूवर येते, पण निम्मा वेळ त्याने आधीच सोडलेला असतो, म्हणून समोरच्याच्या आधी त्याचाच फ्लॅग पडतो. डावानंतर तो समोरच्याचे प्रोफाइल उघडून रेटिंग पुन्हा एकदा तपासतो, संगणकाची मदत घेतली असेल का असा संशय त्याच्या मनात येऊन जातो, आणि सहाव्या चालीला त्या माणसाने किती सेकंद घेतले होते हे पाहण्याआधीच पुढची जोड पडद्यावर आलेली असते.