गुऱ्हाळातला र

आमच्या गुऱ्हाळाची पाटी रंगवली ते साल १९८३. मी आठ वर्षांची होते. कृष्णाकाठी, कऱ्हाडपासून जवळच आमचं गुऱ्हाळ. आत काहिलीत रस उकळत होता, गुळव्या दांड्याने मळी काढत होता आणि बाहेर पेंटर पत्र्यावर खडूने आखणी करत होता. पिवळ्या रंगावर त्याने लाल 'गु' काढला, मग थेट 'हा' आणि 'ळ'. मधली जागा रिकामी. मला वाटलं, विसरला. मग त्याने बारीक ब्रश घेतला आणि 'हा'च्या डाव्या अंगाला एक छोटी वळणदार रेघ टेकवली. "ह्यो र डोक्यावर चढवायचा न्हाई पोरी," तो म्हणाला, "हाताला हात लावून उभा करायचा."

पुढे शाळेत बाईंनी त्याचं कारण सांगितलं. र हे मराठीतलं सगळ्यात जास्त रूपं बदलणारं अक्षर. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर, 'क्रम'मध्ये पोटात, 'राष्ट्र'मध्ये पायाशी आणि 'गुऱ्हाळ'मध्ये शेजारी. शेजारच्या र चा आधीच्या अक्षरावर आघात होत नाही. 'सूर्य' म्हणताना जीभ जशी ठेचकाळते, तशी 'गुऱ्हाळ' म्हणताना ठेचकाळत नाही. बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. मग आणखी दोन, 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. एक शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. एवढ्याशा रेघेत एवढं अंतर असतं, हे मला तेव्हा कळलं आणि फार आवडलं.

१९९६च्या उन्हाळ्यात, कॉलेजात असताना, पुण्यातल्या एका छापखान्यात मी डीटीपीचं काम धरलं. तिथे कॉम्प्युटरला मराठी येत नव्हती, फक्त मराठीची चित्रं येत होती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर फाँटवाल्यांनी आपापली मराठी चिन्हं बसवलेली असायची आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. ती रेघ कीबोर्डवर कुठेच नव्हती. भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यात तिचा आकडा होता. ऑल्ट दाबून धरायचा आणि चार अंक मारायचे. एका लग्नपत्रिकेत 'वऱ्हाडी मंडळी' लिहून फ्लॉपी दुसऱ्या छापखान्यात नेली, तर तिथल्या पडद्यावर कंस, टक्के आणि डॉलरची रांग उमटली. अख्खं वऱ्हाड वाटेत हरवलं होतं.

म्हणून युनिकोडची गोष्ट कळली तेव्हा ती मला नुसत्या तंत्राची वाटली नाही. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक, मग यंत्र कुठलंही असो. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. पुढे विंडोज २००० सोबत 'मंगल' हा फाँट आला, अक्षरतज्ज्ञ र. कृ. जोशी यांनी घडवलेला. माझी पहिली नोकरी त्याच काळातली. दुपारच्या सुट्टीत मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकले. शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. पडद्यावर 'ऱ्ह' उभा राहिला. आकड्यांचा तक्ता नाही, काही नाही. मी पेंटरच्या हाताएवढ्याच हलक्या हाताने तो शब्द पूर्ण केला.

आणि तरीही हे अक्षर पुसण्याची चूक माझ्याच हातून झाली.

२००९ साली आम्ही शेतकऱ्यांच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर बनवत होतो. नावं वेगवेगळ्या ठिकाणांहून यायची आणि त्यांत न दिसणारी चिन्हं मिसळलेली असायची. त्यांनी शोध बिघडायचा, याद्या जुळायच्या नाहीत. मी एक ओळ लिहिली: शून्य रुंदीचं प्रत्येक चिन्ह काढून टाका. चाचण्या पास झाल्या. त्या सगळ्या इंग्रजी नावांच्या होत्या.

महिन्याभराने फोन आला. पलीकडे वयस्कर आवाज होता. "ताई, पावतीवरचं नाव माझं न्हाई." आडनाव कुऱ्हाडे. पावतीवर होतं 'कुर्हाडे'. र डोक्यावर चढला होता. बँकेतल्या नावाशी ते जुळेना, म्हणून पैसे अडकले होते.

झालं होतं असं. ही रेघ युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येते. एक वाट म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घ्यायचं. दुसरी म्हणजे साधा र, त्याला हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं चिन्ह. शून्य रुंदीचा सांधा. त्याला ना आकार, ना जागा. त्याचं काम एकच: र ला सांगायचं, डोक्यावर जाऊ नकोस, शेजारी उभा राहा. मी कचरा म्हणून काढला तो हा सांधा होता.

दुरुस्तीही सोपी नव्हती. सगळ्या 'र्ह'चे 'ऱ्ह' करून टाकू म्हटलं, तर 'अर्हता' हाही शब्द आहे, 'गर्हणीय' हाही. तिथे र डोक्यावरच हवा. कुठला र मुळात कुठे होता, हे यंत्राला आता सांगता येत नव्हतं. माहिती बिघडली नव्हती, गेली होती. आम्ही कागदी अर्ज काढले आणि एकेक नाव वाचत पुन्हा भरलं. गोऱ्हे. बिऱ्हाडे. कऱ्हाडकर. प्रत्येक नावापाशी मला पेंटरचा तो बारीक ब्रश आठवत होता.

सॉफ्टवेअरबद्दलचं माझं मत त्या आठवड्यात घडलं आणि अजून बदललेलं नाही. जे आपल्या ओळखीचं नाही, त्याला कचरा म्हणू नये. पुसण्याआधी विचारावं, हे कोणाचं आहे? आमच्या धंद्यात क्वचित घडणाऱ्या गोष्टीला 'एज केस' म्हणतात आणि 'नंतर बघू' या रकान्यात टाकतात. पण क्वचित कोणासाठी? २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. कुऱ्हाडे यांच्यासाठी ते अक्षर क्वचित येणारं नव्हतं. ते रोज सही करतात, त्यात आहे.

एकदा हे दिसू लागलं की सगळीकडे दिसतं. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावतात, देवनागरीची ७०. म्हणजे मराठीत निरोप पाठवायचा तर दोन-तीन एसएमएसचे पैसे. मग खर्च वाचवायला शेतकऱ्याला रोमन लिपीत मराठी पाठवली जाते. साठवणुकीच्या नेहमीच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. 'गुऱ्हाळ' लिहायला एका वाटेने २१ बाइट, दुसऱ्या वाटेने २४. 'नाव जास्तीत जास्त २० बाइट' असं एखाद्याने सहज ठरवलं, तर आमचं गुऱ्हाळ त्या चौकटीत मावतच नाही. यात कोणाचा द्वेष नाही, आकस नाही. बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा शब्द कधी आलाच नाही, एवढंच. म्हणून मला वाटतं, उत्पादन चांगलं की वाईट हे गर्दीच्या शब्दांवरून ठरत नाही. शेजारी टेकून उभ्या असलेल्या अक्षराशी ते कसं वागतं, त्यावरून ठरतं.

मागच्या वर्षी दादाने काकवीच्या बाटल्या ऑनलाइन विकायला काढल्या. त्याने नाव भरलं, दुकान उघडलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, "अगं, आपलं दुकान शोधलं तर सापडत न्हाई." त्याच्या फोनच्या कीबोर्डाने एक वाट धरली होती, शोधणाऱ्याच्या कीबोर्डाने दुसरी. डोळ्यांना दोन्ही 'गुऱ्हाळ' सारखेच, यंत्राला वेगळे. तात्पुरता उपाय म्हणून मी त्याला वर्णनात दोन्ही वाटांनी नाव लिहून दिलं. खरा उपाय बनवणाऱ्यांच्या हाती आहे. साठवताना माणसाने लिहिलं तसं ठेवायचं, शोधताना दोन्ही एक मानायचे. पुसायचं काहीच नाही.

मी आता जिथे काम करते तिथे कुठलंही नवीन उत्पादन बाहेर पडण्याआधी चाचणीच्या शब्दांची एक यादी त्यातून फिरते: नाव भरून बघायचं, शोधून बघायचं, छापून बघायचं. पहिला शब्द 'गुऱ्हाळ'. दोनदा, दोन्ही वाटांनी.

काही महिन्यांपूर्वी संघात नवीन आलेल्या मल्याळी मुलीने विचारलं, हा शब्द काय आहे? मी तिला शून्य रुंदीच्या सांध्याची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, आमच्याकडेही होतं हे. मल्याळममध्ये शब्दाच्या शेवटी येणारी, स्वर नसलेली खास अक्षरं आहेत, चिल्लू म्हणतात त्यांना. तीही आधी याच सांध्याच्या आधारावर उभी होती. २००८ साली युनिकोडने त्यांना स्वतंत्र क्रमांक दिले. पण जुना मजकूर अजून सांध्यावरच आहे.

त्या संध्याकाळी तिने यादी उघडली आणि 'गुऱ्हाळ'च्या खाली आपल्या आजीचं नाव लिहिलं. दोनदा, दोन्ही वाटांनी. मला ते वाचता येत नाही. पण ते पुसलं जाणार नाही, याची काळजी आता माझीही आहे.