फ्योर्ड, बर्चवन आणि पाणथळ

पक्षी पाहण्यास दूर देशीं जावें लागत नाहीं. अंगणांतली चिमणी आणि तळ्यावरचा बगळा यांच्यापासूनच या विद्येस आरंभ करावा, असें मी वर्गांत वारंवार सांगत आलों आहें. तरीहि २०२२ सालच्या जून महिन्यांत एका नॉर्वेजियन स्नेह्याच्या आमंत्रणावरून युरोपच्या अगदीं उत्तरेकडील टोकास जाण्याचा योग आला, आणि तेथें दहा दिवस पायीं फिरल्यानें आपल्याच गांवच्या एका पांखराची ओळख मला नव्यानें झाली. ती कशी झाली, तें विद्यार्थिमित्रांस सांगावें म्हणून हा लेख.

नॉर्वेच्या ईशान्य कोपऱ्यांत फिनमार्क नांवाचा प्रांत आहे. तेथें बॅरेंट्स समुद्राचा एक लांब फांटा जमिनींत शिरला आहे, त्यास वारांगरफ्योर्ड म्हणतात. हिमनद्यांनीं डोंगर कोरून केलेल्या खोल दरींत समुद्र शिरला म्हणजे फ्योर्ड होतो. वारांगरच्या कांठांवर मात्र हिमनदीनें कोरल्याच्या तशा खुणा नाहींत, म्हणून काटेकोर व्याख्येनें हा खरा फ्योर्डच नव्हे असें म्हणतात. जागा सुमारें ७० अंश उत्तर अक्षांशावरची. पण अटलांटिक महासागरांतून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळें येथील बंदरें हिवाळ्यांतहि गोठत नाहींत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाहीं. अशा ठिकाणीं पक्षी पाहणाऱ्यानें निजावें केव्हां, हाच मोठा प्रश्न!

माझ्या स्नेह्याचे वृद्ध वडील आमचे वाटाडे झाले. त्यांस इंग्रजी थोडें येई, मला नॉर्वेजियन मुळींच येत नसे. पण त्यामुळें कांहीं अडलें नाहीं. त्यांचा नियम एकच होता. शंभर पावलें चालावयाचें आणि मग पांच मिनिटें स्तब्ध उभें राहावयाचें. पहिल्या दिवशीं त्या बोचऱ्या वाऱ्यांत हा नियम मला शिक्षेसारखा वाटला. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याआधींच थांबूं लागलों. आपण थांबलों म्हणजे पांखरें हालचाल करूं लागतात, हें ज्यानें एकदां अनुभविलें त्यास घाईनें चालणें नकोसें होतें.

फ्योर्डाच्या मुखाशीं वार्डो नांवाचें गांव एका बेटावर वसलें आहे. तेथून होडीनें थोड्याच मिनिटांत होर्नोया नांवाच्या लहान बेटावर जातां येतें. हें बेट १९८३ पासून संरक्षित आहे. होडी जवळ येतां येतां प्रथम वास येतो, मग गोंगाट ऐकूं येतो, आणि मग दिसतो तो पांखरांनीं भरलेला कडा. अरुंद कंगोऱ्यांवर गिलमॉट पक्षी दाटीनें उभे असतात. हे घरटें बांधीत नाहींत. उघड्या खडकावरच मादी एकुलतें एक अंडें घालते. पिल्लूं तीन आठवड्यांचें झालें, कीं पंखांत उडण्याचें बळ येण्यापूर्वींच तें कड्यावरून खालीं उडी घेतें, आणि पुढें समुद्रावर बाप त्याचा सांभाळ करतो. रंगीत चोंचीचे पफिन गवताळ उतारावर बिळें करून राहतात. आणि ज्यांच्या पंखांचीं टोकें शाईंत बुडविल्यासारखीं काळीं दिसतात ते किटिवेक नांवाचे कुरव दिवसभर आपलेंच नांव घेऊन ओरडत असतात. हे किटिवेक गांवांतल्या इमारतींवरहि घरटीं करतात. आमचे वृद्ध वाटाडे हंसून म्हणाले, "उन्हाळ्यांत खिडकी उघडी ठेवून झोपण्याची सोय या मंडळींनीं ठेवलेली नाहीं."

फ्योर्डाच्या आंतल्या बाजूस नेसेबी हें सामी लोकांचें गांव आहे. तेथें पाण्यांत शिरलेल्या भूशिरावर १८५८ सालीं बांधलेलें पांढरें लांकडी चर्च उभें आहे. १९४४ सालीं माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें फिनमार्क प्रांत जाळीत नेला, त्यांतून वांचलेल्या थोड्या चर्चांपैकीं हें एक. चर्चच्या जवळच उथळ पाण्याचें एक डबकें आहे. रविवारच्या उपासनेनंतर आम्हीं त्याच्या कांठीं उभे राहून लाल मानेचा फॅलरोप पाहिला. हा चाळीस ग्रॅमहून हलका पक्षी पाण्यावर भिंगरीप्रमाणें गरगर फिरतो. त्या भोंवऱ्यानें खालचे किडे वर येतात आणि तो ते टिपतो. या जातींत मादी अधिक रंगीत असते. अंडीं घालून ती निघून जाते, आणि उबविण्याचें व पिल्लांना सांभाळण्याचें काम साध्या वेषाचा नर करतो.

पण मला थक्क केलें तें पुढील माहितीनें. स्कॉटलंड आणि आइसलंड येथील फॅलरोप हिवाळ्यांत पॅसिफिक महासागराकडे जातात. स्कँडिनेव्हियांतले मात्र आग्नेय दिशेस येऊन अरबी समुद्रावर हिवाळा काढतात, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. जो समुद्र आमच्या कोंकणचे पाय धुतो, त्याच समुद्राच्या लाटांवर नेसेबीच्या डबक्यांतला हा पाहुणा महिनेच्या महिने तरंगत राहतो. मधलें अंतर सरळ रेषेंत मोजलें तरी सुमारें सहा हजार किलोमीटर भरतें.

आतां बर्चवनाची गोष्ट. फ्योर्डाच्या शेवटीं, जेथें वारा थोडा मंदावतो, तेथें बुटक्या बर्च वृक्षांचें विरळ वन लागतें. खालीं शेवाळ, दलदल, आणि डांसांचे ढग. रात्रीं अकराच्या सुमारास, ऊन तिरपें पडलें असतां, एका झुडपाच्या शेंड्यावरून एक पांखरूं गाऊं लागलें. आधीं घंटेसारखे सूर, मग वेग वाढला, मग दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला. दुर्बीण लावली तों झळझळीत निळा कंठ आणि त्याच्या मध्यभागीं तांबडा ठिपका! तो ब्लूथ्रोट होता. हाच पक्षी मी आमच्या तालुक्याच्या तळ्याकांठीं पुष्कळ हिवाळ्यांत पाहिला आहे. तेथें त्याचें रूप मळकट, चाल उंदरासारखी लपतछपत, उडतांना शेपटीच्या बुडाशीं तांबूस रंग चमकला तर चमकला. त्याचा एक बारीक "टक्" एवढाच आवाज मला ठाऊक होता. आमच्याकडे तो पोट भरावयास येतो; गाणें मात्र घरीं ठेवून येतो.

नॉर्वेचे ब्लूथ्रोट खरोखरच आपल्याकडे येतात कां? यासहि आधार आहे. शास्त्रज्ञांनीं कांहीं पक्ष्यांच्या पाठीवर एक ग्रॅमहून हलकें यंत्र बसविलें. हें यंत्र केवळ उजेड आणि वेळ यांची नोंद ठेवतें. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश आणि माध्यान्हाच्या वेळेवरून रेखांश काढावयाचा. भूगोलाच्या तासांत शिकविलेलेंच हें तत्त्व आहे. पक्षी पुढच्या वर्षीं परत आला व पुन्हां सांपडला, तरच नोंद हातीं येते. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासांत हे पक्षी भारतीय उपखंडाकडे येत असल्याचें आढळलें. अठरा-वीस ग्रॅमचा हा जीव, टपालाच्या साध्या पत्राएवढा हलका, दोन खंडांचा प्रवास दर वर्षीं करतो!

ही सर्व शोभा टिकून राहील अशी खात्री मात्र नाहीं. २०२१ च्या नॉर्वेच्या यादींत किटिवेकची गणना धोक्यांत असलेल्या जातींत झाली होती. समुद्र तापल्यामुळें त्यांच्या खाद्य माशांत झालेले बदल हें त्याचें एक कारण मानलें जातें. आणि आमच्या भेटीनंतरच्याच वर्षीं, २०२३ च्या उन्हाळ्यांत, बर्ड फ्लूची साथ त्या किनाऱ्यावर आली. वाडसो या गांवाच्या परिसरांत हजारों किटिवेक मरून पडले, आणि त्यांचीं शवें गोळा करून न्यावीं लागलीं. त्या सुमारास वृद्ध गृहस्थांचें पत्र आलें. त्यांत साथीचें वर्णन फार नव्हतें. एकच वाक्य मनांत राहिलें: "यंदा खिडकी उघडी ठेवून झोप लागते, आणि तें मला आवडत नाहीं."

प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस आकाशांतल्या पांखरांकडे लक्ष द्यावयास सांगितलें, तें चिंता सोडण्याचा धडा म्हणून. तो धडा खराच आहे. पण ज्या पांखरांची काळजी स्वर्गीय पिता वाहतो, त्यांच्या वाटेंतली दलदल बुजविण्याचा अधिकार आपणांस त्यानें मिळत नाहीं. समुद्रावरची साथ आपल्या हातची नाहीं. गांवचें तळें आहे. बर्चवन राखणारे तेथें राखतात. पण त्या पांखराचें अर्धें वर्ष आपल्या स्वाधीन आहे. आपल्या तळ्याचा कांठ मातीनें भरला, वेताची व गवताची झाडोरी जाळली, तर दूरच्या त्या बर्चवनांतलें गाणें थांबेल, आणि तेथील लोकांस त्याचें कारणहि कळणार नाहीं. नाशिक जिल्ह्यांतलें नांदूर-मध्यमेश्वर हें पाणथळ महाराष्ट्रांतून प्रथम रामसर यादींत गेलें, हें चांगलें झालें. पण लहान तळ्यांची यादी कोण ठेवणार? ती तुम्हीं ठेवावी.

विद्यार्थ्यांनीं एक वही करावी. तींत तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करीत होता, एवढेंच लिहावें. नांव ठाऊक नसलें तर रंग लिहावा. पालकांनीं सुटीच्या दिवशीं त्यांच्यासंगें जावें आणि शंभर पावलांवर थांबण्याचा नियम पाळावा. येत्या नोव्हेंबरांत तळ्याकांठच्या ओल्या गवतांत शेपूट उभारून सरसर पळणारें तपकिरी पांखरूं दिसलें, तर हातांतला दगड खालीं टाका. तें नॉर्वेहून आलें कीं रशियांतून, हें सांगतां येणार नाहीं. पण उन्हाळ्यांत उत्तरेच्या कुठल्याशा दलदलीच्या कांठीं, लांबलेल्या उजेडांत, तें गाणार आहे, एवढें मी तुम्हांस खात्रीनें सांगतों.