बारक्या का पळतो?

शनिवारी पहाटे पाचला तुम्ही काय करत असता? मी तर गाढ झोपेत असते. वीकेंड म्हणजे वीकेंड! पण त्या शनिवारी मी काष्टीला मामाकडे होते. दौंड सोडून भीमेचा पूल ओलांडला की आमचा श्रीगोंदा तालुका लागतो. शनिवार म्हणजे काष्टीचा जनावरांचा बाजार. रस्त्यावर बैल भरलेले टेम्पो, आणि त्यांच्या कडेनं अंधारात पळणारी दहा-बारा पोरं. त्यातच आमचा बारक्या, मामाचा धाकटा. वय वर्षं १९.

मामीनं माझ्यावर कामगिरी सोपवली होती. "तू पुण्यात कंपनीत आहेस, तुझं ऐकेल तो. मिलिटरीचं खूळ काढ डोक्यातनं. कॉम्प्युटरचा कोर्स कर म्हणावं."

झालं! मी ऑफिसमधल्यासारखं प्रेझेंटेशनच दिलं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, पुढे कायम होणार ते २५ टक्क्यांपर्यंत. पहिल्या वर्षी महिना ३० हजार. शेवटी साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, त्यातही निम्मा वाटा आपल्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही. "असं ऑफर लेटर मला आलं असतं ना, तर मी सहीच केली नसती!"

बारक्या बुटांच्या नाड्या सोडत शांतपणे ऐकत होता. "ताई, हे सगळं पाठ आहे मला. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, दहा पुलअप्स, हेही पाठ आहे."

"मग कशासाठी?"

"मंडळात सांगतो, देशासाठी. आईला सांगतो, पगारासाठी. मित्रांना सांगतो, शेतकऱ्याच्या पोराला कोण मुलगी देतंय म्हणून," तो हसला. "खोटं एकही नाही."

"आणि स्वतःला काय सांगतोस?"

तो थोडा वेळ गप्पच बसला. "गावात रिटायर फौजी कुठंही गेला की लोक उठून खुर्ची देतात. आबांना कुणी देत नाही गं."

दुपारी मामाबरोबर बाजारात गेले. मामा बैलाचा कासरा धरून उभा होता. व्यापारी त्याच्याकडे न बघताच भाव पाडत होता. मामा काही बोलला नाही. मला बारक्याची खुर्ची आठवली.

पुण्याला परतताना वाटलं, आपल्याला कुठे कुणी असं खोदून विचारतं? इंटरव्ह्यूमध्ये मी 'चॅलेंजेस आवडतात' असं ठोकून दिलं होतं. खरं कारण होतं घराबाहेर पडणं आणि स्वतःचा पैसा. फौजेत जाणाऱ्याकडून मात्र आपल्याला एकच शुद्ध कारण हवं असतं. देशप्रेम की पोट, एक काय ते सांग! आणि जीव पणाला लावणार तो.

निघताना मी विचारलंच होतं, "चार वर्षांनी काय?"

"तेव्हा चोवीसचाही नसेन. तुझा तो कोर्स करीन की!"

हल्ली शनिवारी सकाळी मोबाइलवर त्याचा फक्त एक आकडा येतो. आधी ५.४१, मग ५.३८. मामीला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. पण आकडा कमी झाला की मी खूश होते, हे मात्र खरं.