रुमाल पुरत नाही

गेल्या खरिपातली गोष्ट आहे. तिसरीतला एक मुलगा उशिरा शाळेत आला. म्हणाला, "सर, बाबाले रातभर उलट्या झाल्या. धानावर फवारणी केली होती." मग हळूच म्हणाला, "रुमाल बांधला होता जी, तुमी सांगतलं होतं तसा."

हो, मीच सांगितलं होतं. 'फवारताना नाका-तोंडाला रुमाल बांधावा' असं फळ्यावर लिहून दिलं होतं. त्याचे बाबा दोन दिवसांनी दवाखान्यातून बरे होऊन आले, पण ते वाक्य मला पुसावं लागलं.

रुमाल थोडे थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. उलट ओला झाला की तेच विष नाकाशी धरून ठेवतो. शिवाय विष कातडीतूनही शरीरात जातं. पंपाचं झाकण सैल असलं की पाठ भिजते आणि आपण तोच सदरा संध्याकाळपर्यंत घालून फिरतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. आपण मात्र त्याला अजून 'औषध'च म्हणतो!

मग घ्यायचं काय? आधी डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. त्याच लेबलवर कोणतं साधन घालायचं तेही लिहिलेलं असतं, अक्षर बारीक असतं एवढंच. हातमोजे नायट्रिल रबराचे घ्या. कापडी किंवा चामड्याचे विष शोषून घेतात. झाकण उघडून माप घेताना ते हातात हवेतच, कारण तेव्हा विष पाण्यात मिसळलेलं नसतं. डोळ्यांना बंद चष्मा लावा. वाफेचा धोका लिहिला असेल तर कार्ट्रिजचा मास्क लागतो, धुळीचा चालत नाही. गमबूट घातले तर पँट बुटाच्या बाहेर सोडा, आत खोचली की ओघळ सरळ पायावर उतरतो.

हे सगळं मी त्या बाबांना सांगितलं. ते हसले. "गुरुजी, बांधीत गमबूट रुततो. अन् आक्टोबरच्या उन्हात हे सारं घालून माणूस उकडून जाते."

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वाचलं की कीटकनाशकांबाबतच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेतही हेच आहे: ज्या विषासाठी अंगाला न सोसणारी, महागडी साधनं लागतात, ते उष्ण देशांतल्या लहान शेतकऱ्यांनी वापरायचं टाळावं. म्हणजे चूक बाबांची नव्हती. आम्ही दोघं कृषी सहायकांकडे गेलो. तुडतुडे खरंच फवारण्याइतके आहेत का, कमी जहाल काही चालेल का, हे विचारलं.

बाबांनी हातमोजे आणि चष्मा घेतला. आता ते उजाडताच, वारा पडलेला असताना फवारतात आणि घरी आल्यावर आधी आंघोळ करतात. मास्क अजून घेतलेला नाही. मुलगा रोज त्यांना विचारतो.