आखणी करताना मुलांना विचारा

मानसिक आरोग्यावर बरीच वर्षं वाचत-लिहीत आलो आणि माझं एक मत पक्कं होत गेलं. तरुणांसाठीच्या सेवा त्यांना सोबत घेऊन आखल्या नाहीत, तर सोय असूनही त्या ओस पडतात. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. डॉक्टर अपुरे आहेत, हे खरंच. पण जिथे डॉक्टर आहेत, तिथेही मुलं पोचत नाहीत, त्याचं काय? राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी क्लिनिकं आहेत, महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ म्हणतात. ओपीडी सकाळची असली की शाळा बुडवणं आलं. केसपेपरच्या खिडकीवर नाव, गाव, तक्रार सांगायची, तीही मागे रांगेत ओळखीची कुणी मावशी उभी असताना. सतरा वर्षांची मुलगी तिथे ‘सारखं रडू येतं’ म्हणेल? ती पोटदुखी सांगेल, गोळ्या घेईल आणि घरी जाईल. सेवा आखणाऱ्या तज्ज्ञाला हे सुचेलच असं नाही. दहावीतली कुठलीही मुलगी मात्र ते लगेच सांगू शकते.

मुलांना विचारून सेवा आखणारी माणसं आपल्या शेजारीच आहेत. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने दिल्ली आणि गोव्यातल्या शाळकरी मुलांचं म्हणणं ऐकत ‘पॉड अ‍ॅडव्हेंचर्स’ हा मोबाइलवरचा खेळ घडवला. अडचण नेमकी ओळखायची, पर्याय शोधायचे आणि त्यातला एक करून पाहायचा, एवढंच त्याचं सूत्र. अनेक मुलांकडे स्वतःचा फोन नसतो. म्हणून हा खेळ शाळेतच, समुपदेशकाच्या मदतीने खेळायची सोय केली. ऑस्ट्रेलियात २००६मध्ये उभ्या राहिलेल्या ‘हेडस्पेस’ या तरुणांसाठीच्या मानसिक आरोग्यसेवेच्या कामात तरुणांचे सल्लागार गट आहेत. आपल्या किशोर कार्यक्रमातही गावोगावची मुलंमुली ‘साथिया’ म्हणून निवडली जातात, पण त्यांच्याकडे काम येतं ते माहिती पोचवण्याचं. क्लिनिक किती वाजता उघडावं, हे ठरवणं त्यांच्या हाती नसतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर रुग्णांचे आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे प्रतिनिधी घेतले, ही मोठीच गोष्ट. तरुणांसाठी वेगळी जागा मात्र त्यात नाही.

‘पोरांना यातलं काय कळतं?’ हा आक्षेप हमखास येतो. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार, त्यावर वाद नाही. पण दार कुठे असावं, आपलं गुपित कुणापर्यंत जाईल, पहिला प्रश्न कसा विचारावा, हे त्या दारातून जाणाऱ्यालाच जास्त कळतं. आजारातून जाणाऱ्या मुलांवर ओझं पडेल, ही काळजी रास्त आहे. त्यासाठी त्यांना आधार द्यावा आणि हवं तेव्हा बाजूला होण्याची मुभा ठेवावी. खरा गंभीर आक्षेप वेगळाच आहे: मुलांचा सल्ला घेणाऱ्या समित्यांवर शहरातली, चुरचुरीत बोलणारी मुलंच पोचतात. म्हणून मी म्हणतो, आश्रमशाळेच्या वसतिगृहात जा, आयटीआयमध्ये जा, लवकर लग्न झालेल्या मुलींकडे जा. त्यांना प्रवासखर्च आणि बुडालेला रोज द्या. मोठ्यांच्या बैठकीत एकट्या मुलाला बसवू नका, तो गप्पच बसेल. तिघे-चौघे तरी हवेत. आणि त्यांची सूचना फेटाळली, तर ती का फेटाळली, हे पुढच्या बैठकीआधी त्यांना लेखी कळवा.