दर्शनी भिंत

घराला नवा रंग बहुधा दोन वेळा लागतो : घरात लग्न निघाले की, आणि घर विकायला अथवा भाड्याने द्यायला काढले की. आपण राहत असतो तोवर पोपडे धरलेली भिंत आपल्याला दिसतच नाही. परक्याची नजर पडणार म्हटले, की तीच भिंत एकाएकी खुपू लागते.

आम्ही भावंडे नोकरीनिमित्त नांदेडला स्थायिक झालो. आईवडिलांच्या पश्चात लातूरच्या जुन्या वस्तीतील आमचे दगडमातीचे घर बंदच होते. दहावीचे निकाल लागले, की लातुरात खोल्यांचा शोध सुरू होतो. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे गावोगावची मुले अकरावी-बारावीला आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीला तेथे येतात. अशाच एखाद्या कुटुंबाला घर द्यावे, असे आम्ही ठरविले.

दर्शनी भाग सुधारण्यास फार पैसा लागत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. फाटकाचा गंज खरवडून त्याला तेलरंग दिला. ओट्याच्या निखळलेल्या शहाबादी फरश्या पुन्हा बसविल्या. अंगणातील गवत काढले, नाली उपसली, दारावर उजेड पडेल असा दिवा लावला. एवढ्यानेच घर जागे झाल्यासारखे दिसू लागले. पाहायला येणारा माणूस फाटकापासून उंबरठ्यापर्यंतच्या दहा पावलांत आपले निम्मे मत बनवितो. ती दहा पावले स्वच्छ ठेवणे हा दिखावा नव्हे. ते आल्यागेल्याचे स्वागतच होय.

प्रश्न उभा राहिला तो रस्त्याकडील भिंतीचा. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी उतरत गेलेली एक भेग तिच्यावर होती, आणि त्याखाली भिंत किंचित पोटात फुगली होती. घरे दाखविणारा दलाल म्हणाला, "लांबी भरा, वर दोन हात रंगाचे मारा. जून सरायच्या आत घर जाईल." सल्ला व्यवहाराला धरून होता. आमच्यापैकी एकदोघांना तो पटलाही.

परंतु ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातुरात काढली, त्यांना भिंतीची भेग नुसती भेग वाटत नाही. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यांतील बहुतेकांचा जीव घेतला तो त्यांच्याच घरांनी. आपल्याकडील जुनी भिंत हातभराहून रुंद, दिसायला भक्कम. पण आत पाहिले तर दगडांचे दोन वेगळे थर आणि मधे मुरूम-मातीची भर. दोहोंना सांधणारा दगड क्वचितच. वर माळवद. ते गळू नये म्हणून दरवर्षी मातीचा नवा थर चढतो आणि छताचा भार पिढ्यान् पिढ्या वाढत जातो. बडा घर पोकळ वासा ही म्हण त्या पहाटे अक्षरशः खरी ठरली.

आम्ही गवंडी बोलावला. त्याने भिंतीवर ठिकठिकाणी ठोकून पाहिले आणि सांगितले, की दोन थर सुटू लागले आहेत. शिवाय पायाखाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतीलगत पाणी मुरत राहिले तर भेग कितीही बुजवली तरी पुन्हा उघडते. मग माळवदावरील मातीचे थर उतरविले, भिंतीला आरपार सांधणारे दगड बसविले, माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरविला आणि पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार भिंतीलगत दिला. छताचे पाणी नळीने कूपनलिकेकडे वळविले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात भाडेकरू रंगाआधी पाणी विचारतो. या कामात वर्षाच्या भाड्याइतकी रक्कम गेली, आणि जूनचा हंगामही हातचा गेला.

नांदेडने हीच गोष्ट शहराच्या मापाने पाहिली आहे. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त जगभरचे भाविक येणार म्हणून शहराचा चेहरामोहरा बदलला. रस्ते रुंद झाले, दिवे आले. पण त्याचबरोबर पाणीपुरवठ्याची आणि मलनिःसारणाची कामेही हाती घेण्यात आली. पाहुण्यांसाठी केलेल्या तयारीतून घरच्यांच्या पदरात काही पडले, तरच ती सजावट सार्थकी लागते.

कायद्याचेही म्हणणे याहून वेगळे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार, आपल्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. भाड्याने देणाऱ्यावरही तसेच बंधन आहे. लांबीखाली बुजविलेली भेग नेमकी याच प्रकारात मोडते.

पुढल्या वर्षी औशाकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन घर पाहायला आले. फाटकाकडे त्यांनी पाहिलेही नाही. आत येताच त्यांची नजर प्रथम छताकडे गेली. मग बोटाच्या पेराने त्यांनी भिंत वाजवून पाहिली. आम्ही त्यांना भेग कोठे होती, काय केले आणि काय करणे अद्याप बाकी आहे, ते सारे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. नंतर एवढेच म्हणाले, "पोरीची खाट या भिंतीला लावली तर चालंल ना?"

घराची दर्शनी बाजू सजविणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच. तोंडाने नाही विचारला, तरी विश्वासाने. आम्ही त्यांना "चालेल" म्हणालो, आणि ते म्हणताना आमचा आवाज अडखळला नाही. भिंतीला रंग त्यानंतर दिला : साधा चुना, निवळीत किंचित नीळ घालून.