श्वासाचा सोबती

निरोगी मनुष्य दिवसाकाठी सुमारे २०,००० वेळा श्वास घेतो. पण त्यांतला एकही त्याच्या ध्यानात राहत नाही. दमेकऱ्याची गोष्ट मात्र निराळी. धाप लागली, की प्रत्येक श्वासासाठी त्याला झगडावे लागते.

मी लहानपणापासूनचा दमेकरी. आमचे राहू गाव दौंड तालुक्यात, मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या सुपीक प्रदेशात आहे. या भागाला लोक राहू बेट म्हणतात. येथे ऊस उदंड पिकतो. हिवाळ्यात गुऱ्हाळे सुरू होत, चुलवण धगधगू लागे आणि काहिलीतल्या रसाचा गोड वास शिवारभर दरवळे. माझे सोबती काकवीसाठी धावत; मला मात्र त्या धुराने धाप लागे. मग रात्रभर मी बसून राही आणि आई माझी पाठ चोळीत जागत असे.

दम्यात फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका सुजतात, आकसतात आणि त्यांत चिकट कफ साचतो. आत गेलेली हवा बाहेर पडताना अडखळते. म्हणून छातीतून शिटीसारखा आवाज येतो. रोगी घाबरतो, घाईघाईने श्वास घेऊ लागतो आणि त्यामुळे धाप अधिकच वाढते.

ही घाई आवरण्यास योगाचे साहाय्य होते. आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगक्रियांनी शरीरात काय घडते, हे त्यांनी केवळ परंपरेवर न विसंबता क्ष-किरणांच्या व इतर उपकरणांच्या साहाय्याने तपासून पाहिले.

शिक्षक झाल्यावर मी एका जाणत्या योगशिक्षकांकडे प्राणायाम शिकलो. त्यांचा पहिला धडा अगदी साधा होता. ताठ बसावे, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून अधिक सावकाश सोडावा. श्वास कोंडू नये, बळजबरी करू नये. काही महिन्यांच्या अभ्यासाने माझा दमा गेला नाही. पण त्याची भीती पुष्कळ ओसरली.

गावातले कोणी मला विचारतात, "गुरुजी, इतकी वर्षे प्राणायाम करता, मग हा औषधाचा पंप खिशात कशाला?" मी म्हणतो, "अहो, पट्टीचा पोहणाराही भीमेला पूर आला म्हणजे नावेतूनच जातो." पंपातले औषध आकसलेल्या नलिका काही मिनिटांत मोकळ्या करते. ते काम प्राणायामाचे नव्हे. २०१६ साली संशोधकांनी १५ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. योगाने दमेकऱ्यांचा त्रास थोडा कमी होत असावा, असे त्यांना आढळले; मात्र योगामुळे औषधाची गरज संपते, असे त्यांतून सिद्ध झाले नाही. योग हा औषधाचा सोबती आहे. त्याची जागा घेणारा नव्हे.

मुलांनो, तुमच्या वर्गातही एखादा दमेकरी सोबती असेल. खेळताना तो मध्येच थांबला, तर त्याला हसू नका. त्याला धाप लागली, तर भोवती गर्दी करू नका. त्याला ताठ बसवा, त्याचा पंप त्याच्या हाती द्या आणि तत्काळ शिक्षकांना बोलवा. 'घाबरू नकोस, मी येथेच आहे,' एवढे शांतपणे म्हणा. संकटात सापडलेल्याला त्या शब्दांचाही मोठा आधार वाटतो.